पिवळी व्हॅन आणि भरतीचं वेळापत्रक

वुब्बो डाइकेमाची पिवळी व्हॅन रस्त्यात कधी बंद पडली नाही. हे तो आवर्जून सांगे, आणि ते खरंही होतं. रस्त्यात बंद पडायला गाडी आधी दारातून हलावी लागते. व्हॅनचं दुखणं त्याच्याही आधीचं होतं. एखाद्या सकाळी किल्ली फिरवली की आत कुठंतरी ‘टक्’ असा आवाज येई आणि पुढे सगळं शांत. दिवे लागत, रेडिओ बोलू लागे, वायपर निमूटपणे जाऊन येत. फक्त इंजिनाला त्या दिवशी उठायचं नसे. दुपारी तीच किल्ली, तोच हात, आणि व्हॅन अशी चटकन सुरू होई, की सकाळचं गाऱ्हाणं ऐकून धावत आलेला माणूस व्हॅनऐवजी वुब्बोकडेच संशयाने पाही.

आता वुब्बो हा काही असातसा माणूस नव्हे. नेदरलँड्सच्या अगदी उत्तरेला, समुद्रापासून अकरा किलोमीटरवर असलेल्या ओल्डरझाइल गावात, पाण्याचं नियोजन करणाऱ्या कचेरीत त्याने अडतीस वर्षं काढली होती. कुठल्या कालव्यात किती पाणी, कुठला दरवाजा कधी उघडायचा, पंप किती वाजता सुरू करायचा, हे सगळं त्याच्या वहीत असे. समुद्राच्या पातळीखाली राहणारं अख्खं गाव रात्री कोरड्या गादीवर झोपे ते वुब्बोच्या जिवावर. असं निदान वुब्बोचं मत होतं. गाव मात्र या विषयावर कधी बोललं नव्हतं, आणि ते त्याला थोडं लागलं होतं.

निवृत्त झाल्यावर बरोबरीच्या लोकांनी नव्या सायकली घेतल्या. वुब्बोने तेवीस वर्षं जुनी व्हॅन घेतली. “अडतीस वर्षं मी पाणी समुद्रात जाताना पाहिलं,” तो बायकोला म्हणाला, “ते निघतं कुठून, ते एकदा डोळ्यांनी बघायचंय.” म्हणजे ऱ्हाईन नदीचा उगम, तिकडे आल्प्सच्या डोंगरात. सप्टेंबरात निघायचं ठरलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने बोलून दाखवलेली ही पहिलीच इच्छा असल्यामुळे टीनेके गहिवरली, आणि घराच्या खिडक्यांना कधी न लावलेले पडदे तिने व्हॅनच्या खिडक्यांना शिवून दिले.

हा गहिवर सतरा जुलैपर्यंत टिकला. त्या सकाळी टीनेकेच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. पाच महिने थांबल्यावर मिळालेली तारीख. नऊ वाजता वुब्बोने किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. तिसऱ्यांदा फिरवेपर्यंत टीनेके व्हॅनमधून उतरून सायकलवर बसली होती. नऊ किलोमीटर, समोरून वारा, आणि एका डोळ्याने निम्मंच दिसणारं जग. ऑपरेशन वेळेवर झालं. परतताना ती बसने आली आणि दुसऱ्या दिवशी सायकल आणायला पुन्हा बसने गेली. या सगळ्यावर ती चकार शब्द बोलली नाही, त्यामुळे वुब्बोला जेवण गेलं नाही.

एकतीस जुलैला व्हॅनने पुन्हा टक् केलं, तेव्हा ती बोलली.

“पंधरा ऑगस्टला तुझा वाढदिवस,” टीनेके म्हणाली. “तोपर्यंत आणखी एकदा जरी हिने हे केलं, तर सोमवारी भंगारवाला येईल. मी त्याला सांगून ठेवलंय.”

“आणि ऱ्हाईन?”

“ऱ्हाईन कुठं पळून जात नाही. आगगाडीने जाऊ.”

“आगगाडी उगमापर्यंत जात नाही टीनेके.”

“मग पुढे चालत जाऊ. निदान पाय तरी सकाळी सुरू होतात माझे.”

गाडी नडली की माणसाला कळतं, आपल्या ओळखीत किती मेकॅनिक आहेत ते. टीनेकेचा भाऊ बेरेंड आयुष्यभर शाळेत फ्रेंच शिकवत होता, पण फोनवर लोकांचे गाड्या दुरुस्त करतानाचे व्हिडिओ पाहून पाहून त्याचा हात मनातल्या मनात फार साफ झाला होता. त्याने बॅटरी बदलायला लावली. मग बॅटरीच्या तारा. मग म्हणाला, किल्लीला फार जड जुडगा आहे, त्याने कुलूप झिजतं. वुब्बोने घराची, सायकलींची, शेडची अशा सगळ्या किल्ल्या काढून ठेवल्या आणि त्याच संध्याकाळी स्वतःच्या घराबाहेर अडकला. पलीकडच्या गल्लीतल्या एका निवृत्त बोटवाल्याने सांगितलं की पूर्वी त्याच्या बोटीचंही असंच होतं. “मग काय केलंत?” “विकली,” तो समाधानाने म्हणाला.

रस्त्यावर अडलेल्यांच्या मदतीला येणाऱ्या संस्थेचा माणूस तीनदा आला. फोन केल्यापासून यायला त्याला पाऊण ते दीड तास लागे, आणि तिन्ही वेळा त्याने किल्ली फिरवताच व्हॅन सुरू झाली. जाताना तो एक पावती देई. पहिल्या पावतीवर लिहिलं होतं, ‘बिघाड आढळला नाही’. दुसरीवरही तेच. तिसऱ्या पावतीवर त्याने आणखी एका चौकोनात खूण केली होती: ‘ग्राहकाला वाहन सुरू करण्याची पद्धत समजावून सांगितली’. वुब्बोने ती पावती चारदा वाचली. हा माणूस जन्मला नव्हता तेव्हा वुब्बो ट्रॅक्टर चालवत होता. त्याने संस्थेला दोन पानी पत्र लिहिलं, त्याला उत्तर आलं की आपला अभिप्राय आम्हाला मोलाचा वाटतो.

गावातला खरा मेकॅनिक येल्ले. त्याच्याकडे व्हॅन न्यायची तर ती सुरू असावी लागे, आणि सुरू असली की तिला काही झालेलं नसे. “मला आजारी गाडी आणून दाखवा शेजारी,” तो हात पुसत म्हणे. “ही तर ठणठणीत आहे. मी हिचं काय करू?” तरी तो भला माणूस. त्याने एक सल्ला दिला. “कधी कधी बिघडतं ना, ते कधी, हे लिहून ठेवा. काहीतरी धागा सापडतोच.”

हे वुब्बोच्या आवडीचं काम. गावातल्या प्रत्येक घरात असतं तसं त्यांच्याकडेही संडासाच्या दारामागे वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं होतं. तिथं रोज बसणं होतंच, त्यामुळे कुणाचा वाढदिवस विसरत नाही. जे वारले त्यांचीही नावं तशीच राहतात, फक्त पुढे एक बारीक फुली येते. वुब्बोने त्याच कॅलेंडरवर, नातेवाइकांच्या मध्ये मध्ये, लाल पेन्सिलीने व्हॅनचे दिवस मांडायला सुरुवात केली. बावीस मे. पाच जून. एकोणीस जून. तीन जुलै. सतरा जुलै. एकतीस जुलै.

आता या कॅलेंडरची एक गंमत आहे. ते दरवर्षी तेच वापरायचं असतं, म्हणून त्यात नुसत्या तारखा असतात, वार नसतात. संडासात बसून त्या लाल खुणांकडे पाहताना वुब्बोला एवढंच दिसलं, की दोन खुणांमध्ये साधारण पंधरवडा जातोय. आणि पंधरवडा म्हटल्यावर अडतीस वर्षं पाण्यात काढलेल्या माणसाला दुसरं काय आठवणार? अमावास्या, पौर्णिमा. मोठी भरती.

त्याने भरतीचं वेळापत्रक काढलं. पहिल्या दोन तारखा अगदी चपखल बसल्या. तिसरी दीड दिवसाने हुकली, चौथी अडीच दिवसांनी, सहावी जवळजवळ चार. पण निसर्ग असा मिनिटाला धरून चालत नाही, हे त्याला अनुभवाने माहीत होतं. भरती आली की जमिनीखालचं पाणी चढतं, हवेत खारा दमटपणा येतो, आणि तो कुठंतरी वायरीत शिरतो. त्याने आलेख काढला. निळी रेघ समुद्राची, लाल ठिपके व्हॅनचे. रविवारच्या कॉफीला बेरेंड आला तेव्हा वुब्बोने तो आलेख टेबलावर पसरला, आणि चूक केली.

“म्हणजे चंद्रामुळे,” बेरेंड म्हणाला.

“चंद्रामुळे नाही. भरतीमुळे.”

“समुद्र अकरा किलोमीटर लांब आहे रे वुब्बो.”

“पाणी जमिनीखालून येतं. तुला त्यातलं कळत नाही.”

“नाही कळत. पण मग माझी गाडी बरी चालते? का ती चंद्राला मानत नाही?”

दोन दिवसांत गल्लीभर झालं. पोस्टमन पत्रं टाकताना आभाळाकडे बघून म्हणू लागला, “आज जायला हरकत नाही, चंद्र बारीक आहे.” ज्या माणसाने गावाला अडतीस वर्षं कोरडं ठेवलं, त्याची ही किंमत. वुब्बो आलेख गुंडाळून कपाटावर ठेवून आला, पण टाकून दिला नाही.

एक साधा उपाय होता: व्हॅन दुसरीकडे उभी करून बघायची. पण ओल्डरझाइलच्या पालिकेचा नियम असा, की एवढी उंच गाडी निवासी गल्लीत उभी करायची तर विशेष परवाना लागतो. तो सात कागद आणि दोन हेलपाट्यांनंतर मे महिन्यात मिळाला होता, आणि तोही ठरावीक एका जागेचा. ती जागा शेजारच्या सोळा नंबरच्या घरासमोरची. तिथं पूर्वी हार्मची गाडी उभी असे. हार्म गेल्या ऑक्टोबरात वारला, वसंतात गाडी विकली गेली, आणि त्याची बायको फ्राउके हिने ‘हरकत नाही’ म्हणून सही करून दिली. “रिकामी जागा बघवत नाही हो शेजारी,” सही करताना ती म्हणाली होती. “तिथं काहीतरी उभं असू दे.” आता जागा बदलायची तर नवा अर्ज, आठ आठवडे, कारणाचा रकाना, आणि शेजारणीला प्रत. वुब्बोने अर्ज आणला, कारणाच्या रकान्यापाशी थांबला, आणि बंद करून ठेवला. म्हातारीला वाटायचं, आपल्या दारातनं पळतोय.

वाढदिवस शनिवारी होता. गुरुवारी संध्याकाळी टीनेके स्वयंपाकघरातून ओरडली, “उद्या हिरवा डबा बाहेर ठेवायचाय, विसरू नको.”

हिरवा डबा म्हणजे ओल्या कचऱ्याचा, चाकांचा. फ्रिजवर पालिकेचं कचऱ्याचं वेळापत्रक चिकटवलेलं होतं आणि ज्या दिवशी ओला कचरा नेतात त्या तारखांभोवती हिरवं वर्तुळ. वुब्बो त्याच्यासमोर उभा राहिला. एकतीस जुलै. सतरा जुलै. तीन जुलै.

तो संडासात गेला. बाहेर आला, फ्रिजकडे गेला. पुन्हा संडासात. पुन्हा फ्रिजकडे.

“पोट बिघडलंय का?” टीनेकेने विचारलं.

“शुक्रवार,” वुब्बो म्हणाला. “सगळे शुक्रवार आहेत. एक सोडून एक.”

“शुक्रवारी काय?”

“कचऱ्याची गाडी!”

त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तो अवजड ट्रक, ते डबे उचलून आपटणारे लोखंडी हात. सगळी गल्ली हादरते. त्या हादऱ्याने व्हॅनच्या पोटातली एखादी वायर सुटत असणार, आणि दुपारपर्यंत आपोआप जागेवर बसत असणार. बसेल का? ते नंतर बघू. बेरेंडला शनिवारी काय काय ऐकवायचं, याची वाक्यं तो झोपेपर्यंत जुळवत होता. तारखा होत्या, पुरावा होता, आणि वाढदिवसाला गोल मांडलेल्या खुर्च्यांत सगळी गल्ली समोर बसलेली असणार होती.

शुक्रवारी सव्वासातला तो विजेचा दाब मोजायचा मीटर आणि टॉर्च घेऊन, पुठ्ठा अंथरून व्हॅनखाली शिरला. स्टार्टरच्या बारीक वायरीवर त्याने मीटरचे चिमटे लावले. साडेसातला ट्रक आला. जमीन हादरली, डबे धडाधड आपटले, वुब्बोच्या कानाला दडे बसले. मीटरवरचा बाराचा आकडा ढिम्म हलला नाही. ट्रक कोपऱ्यावरून वळला. वुब्बो तसाच पडून राहिला, कारण उठून करायचं काय, हे त्याला सुचेना. सदुसष्ट वर्षांचा माणूस, पाठीखाली पुठ्ठा, आणि हातात भंगारात जाणाऱ्या गाडीची वायर. त्याला रडू यायचं तेवढं राहिलं.

तेवढ्यात सोळा नंबरचं दार वाजलं. लाकडी तळव्याच्या चपला टकटक करत फुटपाथवर आल्या. फ्राउके. रिकाम्या झालेल्या हिरव्या डब्याची चाकं खडखडली. मग ब्रश घासल्याचा आवाज सुरू झाला. खसाखस, खसाखस, असा पाच मिनिटं.

“हं, बघ,” फ्राउके म्हणाली. “याला म्हणतात धुणं. तीस वर्षं म्हणत होतास, पुढच्या शुक्रवारी धुतो. आलाच नाही तुझा शुक्रवार. शेवटी मीच धुते आहे ना, हार्म?”

वुब्बोने टॉर्च विझवला.

“तुझ्या जागेवर शेजाऱ्यांची गाडी आहे. पिवळी. तुला आवडली नसती. पण माणूस चांगला आहे रे. बिचाऱ्याची सुरूच होत नाही, आणि लोक हसतात. तू असतास तर बघितली असतीस.” ब्रश थांबला. “आज त्याची सुरू होऊ दे म्हणावं. उद्या वाढदिवस आहे त्याचा.”

आणि तिने डबा उपडा केला.

धुण्याच्या सोड्याचं, कोबीच्या सडक्या पानांचं, बटाट्याच्या सालीचं ते पाणी फुटपाथच्या कडेवर आदळलं आणि उसळून व्हॅनखाली आलं. निम्मं वुब्बोच्या तोंडावर, निम्मं वर. डोळे चोळून तो पाहतो तर त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर, हिरवी पूड चढलेल्या त्या बारीक जोडणीवरून थेंब ओघळत होते, आणि मीटरचा आकडा बारावरून नऊवर, सहावर, चारवर उतरत होता.

अडतीस वर्षं त्याने या गावातलं पाणी कुठून कुठं जातं ते पाहिलं होतं. स्वतःच्या गाडीखाली दर पंधरा दिवसांनी बादलीभर पाणी येतं, हे त्याला कधी दिसलं नाही. साडेसात-आठला तो मागच्या बाजूला कॉफी घेत बसे. नऊला बाहेर येई तेव्हा रस्ता ओला असे, आणि ओला रस्ता ही या गावात बातमी नव्हे.

ओरडावंसं वाटलं. “शेजारीणबाई, सापडलं!” असं म्हणत सरपटत बाहेर यावंसं वाटलं. पण वर ती बाई नाक ओढत होती. आपण बाहेर आलो, तर आपण ऐकलं हे तिला कळणार. आणि पाणी टाकू नका म्हटलं, तर ही पुढच्या शुक्रवारी हार्मशी बोलणार कुठं? वुब्बो कोबीच्या पाण्यात, थंडगार पडलेल्या पाठीने, मुकाट्याने पडून राहिला. चपला टकटकत आत गेल्या, दार लागलं, आणि तरी तो शंभरपर्यंत मोजत राहिला.

नऊ वाजता त्याने किल्ली फिरवली नाही. वुब्बो खोटं बोलणारा माणूस नव्हे, पण न फिरवलेली किल्ली ही काही बंद पडलेली गाडी नव्हे. त्याने येल्लेला बोलावलं, जोडणी दाखवली. येल्लेने ती कापून नवी घातली, ग्रीस भरलं, रबराचं टोपण चढवलं. मग तिथलं पाणी बोटाला लावून वास घेतला.

“सोडा आहे हा, शेजारी. कुणीतरी नेमाने ओततंय इथं. वरून पावसाने काही झालं नसतं. हे खालून उडालेलं आहे.”

“भरती असेल,” वुब्बो म्हणाला.

येल्लेने सोळा नंबरच्या चकचकीत फुटपाथकडे पाहिलं, दारात वाळत ठेवलेल्या हिरव्या डब्याकडे पाहिलं. “असेल,” तो म्हणाला. त्याने किल्ली फिरवली. व्हॅन पहिल्या दमात सुरू झाली.

शनिवारी दुपारी घरातल्या आणि शेजारच्या सगळ्या खुर्च्या भिंतीला लावून गोल झाला. येणारा प्रत्येक जण गोलातून फिरत प्रत्येकाशी हात मिळवत होता. तिथल्या रीतीप्रमाणे नवऱ्याबद्दल टीनेकेचं अभिनंदन, मेहुण्याबद्दल बेरेंडचं अभिनंदन, शेजाऱ्याबद्दल फ्राउकेचं अभिनंदन. मग केक, मग कॉफी, आणि कॉफीबरोबर टीनेकेने बिस्किटांचा पत्र्याचा डबा फिरवला. प्रत्येकी एक. झाकण लागलं, डबा कपाटात गेला. या घरात बेचाळीस वर्षं तो असाच जात आला होता.

“मग?” बेरेंडने पाय पसरले. “काल येल्ले येऊन गेला म्हणे. काय निघालं दुखणं?”

सगळा गोल वुब्बोकडे वळला. सहा तारखा त्याला पाठ होत्या. मीटरचे आकडे पाठ होते. मदतीच्या संस्थेला लिहायच्या पत्राचं पहिलं वाक्य तयार होतं. समोर फ्राउके बशी मांडीवर धरून पुढे झुकली होती.

“सांगा ना हो शेजारी,” ती म्हणाली. “मला तर बाई रोज काळजी वाटायची.”

वुब्बोने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

“भरती,” तो म्हणाला.

सगळा गोल हसून फुटलाच. बोटवाल्याला ठसका लागला, बेरेंड डोळे पुसत “अकरा किलोमीटर! अकरा!” एवढंच म्हणत राहिला. वुब्बोचे कान तापले. त्याने कॉफीच्या कपात पाहिलं.

“हसता काय?” फ्राउके एकदम चिडून म्हणाली. “आमचा हार्म पण असंच म्हणायचा, की दमट हवेत गाड्या अडून बसतात. त्याला कळायचं गाड्यांतलं.”

“तेच,” वुब्बो म्हणाला. “हार्म असता तर पहिल्या दिवशी सांगितलं असतं त्याने.”

फ्राउकेने मान हलवली आणि समाधानाने केकचा तुकडा तोडला.

टीनेके स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बिनपडद्याच्या खिडकीतून काल सकाळी तिने, ऑपरेशन झालेल्या स्वच्छ डोळ्याने, सगळं पाहिलं होतं: उपडा होणारा डबा, फ्राउकेला न दिसणाऱ्या बाजूने व्हॅनखालून बाहेर आलेले दोन बूट, त्यांचा एकदाच झालेला थरकाप, आणि नंतर शेजारीण आत जाईपर्यंत ते बूट जराही न हलणं. सडक्या कोबीचा वास मारणारा शर्ट तिनेच धुवायला टाकला होता. काहीही न विचारता.

ती कपाटाकडे गेली. बिस्किटांचा डबा काढला. झाकण उघडल्याचा आवाज झाला तसं बोलणं थांबलं, कारण त्या घरात एका कॉफीला ते झाकण दोनदा उघडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. बेरेंडचा हात आपोआप पुढे आला. टीनेके त्याच्यावरून पुढे गेली, आणि डबा तिने वुब्बोसमोर धरला.

“घे,” ती म्हणाली. “आणि सोमवारी भंगारवाल्याला फोन करून सांग, येऊ नको म्हणून.”

वुब्बोने एक बिस्कीट घेतलं.

“आणखी एक घे,” टीनेके म्हणाली.